डोंगरउतारावरचं गाव आणि तिथलं हवामान: नव्याने फोटो काढू लागणाऱ्यांसाठी

लहानशा डोंगरी गावात कॅमेरा घेऊन आलेला नवा माणूस पहिल्या आठवड्यात आजूबाजूचे सगळे ‘पॉइंट’ पालथे घालतो आणि दुसऱ्या आठवड्यात म्हणतो, इथलं सगळं काढून झालं. खरं तर तेव्हा कुठे काम सुरू व्हायला हवं. डोंगर तोच असला तरी त्याच्यावरची हवा तासातासाला बदलते, आणि ती टिपायची तर जागा कमी नि खेपा जास्त लागतात. मी बरीच वर्षं हे करतेय. कोणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी आधी तीन जागा निवडायला सांगते: एक वरून दरी दिसणारी, एक समोरच्या उतारावरून अख्खं गाव दिसणारी आणि एक घरापासून पाच मिनिटांवर, जिथे पायात चपला सरकवून धावत जाता येईल. तिसरीला लोक कमी लेखतात. पण ढग फाटून उन्हाची तिरीप गावावर पडते, ती दोन-चार मिनिटंच टिकते. तेवढ्यात लांबच्या कड्यावर कोण पोहोचणार?

धुक्यावर नवे लोक सगळ्यात जास्त भाळतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. दरीत साचणारं धुकं वेगळं आणि डोंगरावर चढून आलेला ढग वेगळा. पहिल्यासाठी निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि आदल्या पावसाने ओली झालेली जमीन लागते. अशा रात्री उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि ओघळत दरीच्या तळाशी जाऊन बसते. वर मात्र तुलनेने उबदार हवा राहते. हीच तापमानाची विपरीतता. संध्याकाळी दरीतला धूर थोडा वर चढून एकाच उंचीवर आडवा पसरताना दिसला, की पहाटेचा गजर लावावा. सूर्योदयाआधी गाव ढगांच्या समुद्रावर तरंगत असतं आणि तोच फोटो सगळे काढतात. मला त्यापुढचा वेळ जास्त आवडतो. उतार तापू लागतात, वारा दरीतून वर चढतो, धुक्याची सपाट चादर फाटते आणि तिचे धांदोटे झाडांमधून, घरांच्या छपरांवरून वर सरकू लागतात. तोवर बाकीचे फोटोवाले चहाला गेलेले असतात.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही ढगाच्या आत असता. ढग कुठे बसणार याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. दरीतलं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते), हे दोन आकडे बहुतेक हवामानाच्या ॲपमध्ये मिळतात. त्यांच्यातल्या फरकाच्या प्रत्येक अंशाला ढगाचा तळ साधारण १२५ मीटर वर धरायचा. समजा, दरीत तापमान २२ आणि दवबिंदू २० आहे. म्हणजे तळ दरीपासून २५० मीटरवर. तुमचं गाव दरीपासून ५०० मीटर उंच असेल तर ते ढगात बुडालेलं असणार. दुपारी तापमान २७ झालं आणि दवबिंदू तोच राहिला, तर तळ ८७५ मीटरवर जातो आणि गाव मोकळं होतं. मधल्या कधीतरी ढगाची खालची कड नेमकी छपरांच्या पातळीवर येते, तेव्हा तुम्ही समोरच्या उतारावर हवेत. हा ठोकताळा आहे. भर दिवसा, हवा नीट घुसळली गेलेली असताना तो बरा लागू पडतो, पहाटेच्या साचलेल्या हवेत फसवतो. तरी महिनाभर रोज आकडे लिहून समोरच्या डोंगराशी ताडून पाहा, आपल्या जागेचा अंदाज बसायला लागतो.

धुक्यात कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला राखाडी करून टाकतं. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या भागांचा आलेख, बघा. तो पांढऱ्याकडे, उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या कडेला आदळलेला नको. ऑटोफोकस अशा वेळी नुसता पुढेमागे घिरट्या घालतो. विजेचा खांब, फांदी असं काही तरी ठळक कडेचं शोधून त्यावर फोकस धरा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर बांधून टाका, नाहीतर एकाच सकाळचे फोटो एक निळा, एक पिवळा असे निघतात आणि नंतर ते जुळवत बसावं लागतं.

पावसानंतरच्या स्वच्छ हवेचं लोकांना फार कौतुक. दूरचं सगळं लख्ख दिसतं हे खरं, पण माझ्या मते डोंगररांगांच्या फोटोसाठी तो दिवस बहुधा सपक असतो. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या निळ्या रांगा हव्या असतील तर हवेत थोडा धूसरपणा लागतो आणि १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स लागते. वाइड लेन्सने त्याच रांगांची बारीक रेघ होऊन बसते.

इंद्रधनुष्य मात्र वाइड लेन्सचंच काम. त्याची कमान तुमच्या सावलीच्या डोक्याभोवती ४२ अंशांवर असते, म्हणजे पूर्ण रुंदी ८४ अंश. फुलफ्रेमवर (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) १६-१८ मिलिमीटरची लेन्स लागतेच. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की सपाट प्रदेशात ते क्षितिजाखाली जातं, पण उतारावर उभं राहिलं तर खाली दरीत पडणाऱ्या सरींवर तेव्हाही दिसू शकतं. म्हणून दुपारी सर आली तरी सूर्याकडे पाठ करून खाली बघायला विसरू नका. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावला असेल तर फिरवताना जपा; चुकीच्या कोनात इंद्रधनुष्य साफ गायब होतं. तसंच कड्यावर सूर्य पाठीशी आणि धुकं खाली असेल, तर तुमच्या सावलीभोवती रंगीत कडी दिसतात. ते इंद्रवज्र. ते फोनवरसुद्धा छान येतं.

डोंगरी गावात ॲपमधली सूर्यास्ताची वेळ फारशी कामाची नाही. सूर्य रांगेआड आधीच जातो, गाव सावलीत येतं आणि लोक ट्रायपॉड आवरतात. वरच्या ढगांना रंग चढतो तो त्यानंतर. ढग मधल्या किंवा वरच्या थरातले असतील आणि पश्चिमेचं क्षितिज मोकळं असेल तर थांबाच. त्याच वेळी पूर्वेकडेही मान वळवा: क्षितिजालगत निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसेल. खालचा पट्टा ही पृथ्वीची सावली. मग गावातले दिवे लागतात, आणि दिवे नि आकाश यांचा उजेड सारखा असण्याची वेळ थोडकी असते. तेवढ्यात काढलेल्या फोटोत घरांच्या भिंतीही दिसतात आणि खिडक्याही.

एकाच जागेवरून महिनोन्‌महिने काढणार असाल तर जागा नेमकी धरायला शिका. जमिनीवर खडूची खूण पुसली जाते. त्यापेक्षा जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू यांची जोडी जमवा. उदाहरणार्थ, खांबाचा उजवा काठ समोरच्या शिखराच्या टोकाला टेकलेला. तुम्ही हातभर बाजूला सरकलात की ही जोडी तुटते आणि लगेच कळतं. अमेरिकेत मार्क क्लेट हा फोटोग्राफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागा शोधून तिथूनच पुन्हा फोटो काढले. ऋतू आणि सावल्यासुद्धा जुळवल्या. तुम्हाला तेवढी चिकाटी नसली तरी लेन्सची लांबी आणि ट्रायपॉडची उंची वहीत लिहून ठेवा. त्याच वहीत वाऱ्याची दिशा आणि ढगाचा प्रकार लिहा. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने १८०३ मध्ये छापलेली क्युम्युलस (कापसाच्या ढिगासारखे), स्ट्रेटस (सपाट थराचे), सिरस (उंचावरचे पिसांसारखे) ही नावं आजही चालतात, आणि सुरुवातीला एवढी तीन पुरतात.

विजांबद्दल घासाघीस नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की ट्रायपॉड मिटवून पक्क्या घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. विजांचे फोटो आतूनही काढता येतात: रात्री खिडकीशी ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १०० आणि १०-१५ सेकंदांचं एक्सपोजर, एकामागून एक.

राहता राहिला ओलावा. गार हवेतून उबदार घरात आलात की कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, अर्ध्या-पाऊण तासाने काढा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. पावसाळाभर तीच बॅग कपाटात कोंबून ठेवली तर लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा स्वस्तात काम भागवतो.

यातून पैसे मिळतात का, हेही विचारतात. सुट्या सूर्यास्तांचे कमीच मिळतील, ते सगळ्यांकडे असतात. एकाच जागेची वर्षभराची नीट नोंदलेली मालिका फार कमी जणांकडे असते, आणि मासिकाच्या संपादकापुढे ठेवायला काहीतरी असतं. दाखवताना दहा-बाराच फोटो ठेवा. प्रत्येकाखाली तारीख, वेळ, दिशा आणि तेव्हाचं हवामान एका ओळीत लिहा. ‘मनमोहक संध्याकाळ’ लिहू नका.