संशोधनासाठी रक्त देताना संमतीपत्र कसं वाचावं

सरकारी पैशावर चाललेल्या संशोधनासाठी कुणी रक्त किंवा गाठीचा तुकडा मागितला, तर संमतीपत्र घरी न्या. विचार करायला वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे. मी डॉक्टर नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एका नैतिकता समितीवर सामान्य नागरिकांची प्रतिनिधी आहे आणि हे मसुदे वाचणं हेच माझं तिथलं काम.

सुया, त्रास, धोके यांची पानं बहुधा नीट लिहिलेली असतात. मागची पानं उघडा. तिथे साधारण असं वाक्य सापडेल: ‘आपल्या नमुन्यातून व्यावसायिक उत्पादन तयार झाल्यास आपणास मोबदला मिळणार नाही.’ यावर अडून बसू नका. एकट्याच्या रक्तातून सहसा औषध बनत नाही, आणि कंपनी पुढे आल्याशिवाय ते रुग्णापर्यंत क्वचितच पोचतं. मला खटकतं ते तिथे न लिहिलेलं. म्हणून विचारा: पेटंट किंवा कंपनीत खुद्द संशोधकाचा वाटा आहे का?

हे विचारायला लोक फार संकोचतात. पण ते का विचारायचं, ते अमेरिकेतले एक रुग्ण जॉन मूर यांच्या गोष्टीतून कळतं. त्यांची प्लीहा १९७६ मध्ये रक्ताच्या कर्करोगामुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात काढली. नंतर अनेक वर्षं त्यांना सिएटलहून लॉस एंजेलिसला बोलावून रक्त, त्वचा, अस्थिमज्जा घेत राहिले. १९८३ मध्ये त्यांच्यापुढे फॉर्म आला: पेशींवरचे हक्क विद्यापीठाला ‘देतो’ की ‘देत नाही’? त्यांनी ‘देत नाही’वर गोल केला. १९८४ मध्ये त्यांच्या पेशींवर पेटंट निघालंच, आणि संशोधक म्हणून नाव होतं त्यांच्याच डॉक्टरचं. १९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूर यांची पेशींवरची मालकी नाकारली, पण डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध रुग्णाला आधी सांगायलाच हवा, असं ठरवलं.

मग नमुना कुणाकुणाकडे जाईल आणि माघार घेतली तर तो नष्ट करणार का, तेही विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न किमतीचा. कराच्या रूपाने लोकांनी पैसे एकदा भरलेले असतात, तेव्हा कंपनीला हे संशोधन वापरायचा परवाना देताना औषधाच्या किमतीची अट घालणार का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८९ मध्ये ‘वाजवी किमती’ची अट आणली आणि १९९५ मध्ये काढून टाकली. म्हणजे अशी अट घालता येते, आणि कुणी विचारत राहिलं नाही तर ती टिकत नाही.

उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली, तर संमतीपत्रावर समितीचा फोन नंबर असतो, तिथे फोन करा. असे फोन आले की पुढचा मसुदा तपासताना आम्हाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं.