मधल्या फळीतल्या ड्रायव्हरचा हंगाम कसा वाचावा

फॉर्म्युला वनचा २०२३चा हंगाम मॅक्स व्हर्स्टॅपेनपुरता वाचायचा असेल, तर गुणतक्ता पुरेसा आहे: २२ शर्यती, १९ विजय, ५७५ गुण. त्याच तक्त्यात तेराव्या ओळीवर विल्यम्स संघाचा अ‍ॅलेक्स अल्बन २७ गुणांसह आहे, पण त्याने वर्षभर काय केले याचा त्या ओळीवरून काहीच बोध होत नाही. सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या फलंदाजाची सरासरी पाहून तो किती बाद किती असताना मैदानात उतरत होता हे जसे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. मधल्या फळीतल्या ड्रायव्हरचा हंगाम वाचायला वेगळी रीत लागते, आणि ती अल्बनच्या त्याच हंगामावर करून पाहता येते.

प्रथम एक वही घ्यावी आणि हंगामातील सर्व शर्यती एकाखाली एक लिहाव्यात; ज्या आठवड्यात स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, झाली, तिथे खूण करावी. मुख्य शर्यतीत पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण मिळतात, तर स्प्रिंटमध्ये पहिल्या आठांना ८ पासून १ पर्यंत. आता ड्रायव्हरला जिथे गुण मिळाले, तेवढ्याच ओळी भराव्यात. अल्बनच्या बाबतीत बहरीनला १, कॅनडात ६, सिल्व्हरस्टोनला ४, झांडव्होर्टला ४, मॉन्झाला ६, कतारच्या स्प्रिंटमध्ये २, ऑस्टिनला २ आणि मेक्सिकोत २, अशा आठच ओळी भरतात. बाकी सारे रकाने कोरे राहतात, आणि ते तसेच दिसले पाहिजेत, कारण मधल्या फळीतल्या संघाचे वर्ष अशा मोजक्या रविवारांवरच उभे असते.

यानंतर प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: क्वालिफाइंगमधील (सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या वेगाच्या फेरीतील) क्रमांक, प्रत्यक्ष सुरुवातीचा क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरचा, म्हणजे सहकाऱ्याचा, क्रमांक. सहकाऱ्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा मानला जातो, कारण तशीच गाडी दुसऱ्या कोणाकडेच नसते. मात्र तो वाचताना हात जरा आखडता ठेवावा. अल्बनने २२ही शर्यतींच्या क्वालिफाइंगमध्ये सहकारी लोगन सार्जंटला मागे टाकले, हे खरे. पण सार्जंटचे ते पहिलेच वर्ष होते आणि कॅनडात गाडीचे नवे भाग फक्त अल्बनच्या गाडीला बसवले होते. त्यामुळे अशा आकड्यावरून सहकारी किती मागे होता हे कळते, आपला ड्रायव्हर किती चांगला होता हे पुरते कळत नाही.

मग शर्यतीच्या मार्गाचा नकाशा पाहावा. त्या वर्षीची विल्यम्सची गाडी सरळ रस्त्यावर हवेला कमी अडणारी होती, म्हणून लांब सरळ पट्टे असलेल्या माँट्रियल (कॅनडा) आणि मॉन्झा येथे तिच्याकडून अपेक्षा ठेवणे रास्त होते. अशा ठिकाणी मिळालेल्या गुणांपैकी काही श्रेय गाडीच्या खात्यावर टाकावे. उलट झांडव्होर्ट हे वळणावळणाचे, अरुंद मैदान आहे आणि तिथे अल्बन क्वालिफाइंगमध्ये चौथा आला. शर्यतीत तो आठवा आला आणि त्याला चारच गुण मिळाले, तरी माझ्या मते वर्षभरातली ही सर्वांत बोलकी नोंद आहे.

एक तरी ओळ अगदी जवळून वाचावी. मी कॅनडाची घेईन. ती शर्यत आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली, त्यामुळे अनेकांनी सकाळी फक्त निकाल पाहिला आणि ‘अल्बन सातवा’ एवढे वाचून पुढची बातमी उघडली असणार. झाले होते असे. जॉर्ज रसेल भिंतीवर आदळला, सर्वांना सावकाश चालवायला लावणारी सेफ्टी कार आली आणि अल्बनने १२व्या फेरीच्या सुमारास टायर बदलून हार्ड, म्हणजे जास्त टिकणारे, टायर घेतले. शर्यत ७० फेऱ्यांची होती आणि तो पुन्हा टायर बदलायला पिटमध्ये आलाच नाही. मागच्या गाड्यांनी दुसऱ्यांदा टायर बदलले आणि ताजे टायर घेऊन त्या त्याच्या मागे येऊन चिकटल्या. सर्वांत जवळ एस्तेबान ओकॉन होता, आणि शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या गाडीचा मागचा पंख उघड उघड हलत होता. तेव्हाच्या नियमानुसार मागची गाडी एका सेकंदाच्या आत असली की ठरलेल्या पट्ट्यात तिला डीआरएस, म्हणजे वेग वाढवण्यासाठी मागच्या पंखाची झडप, उघडता येत असे. तरीही ओकॉनला पुढे जाता आले नाही, कारण अल्बन वळणांतून बाहेर पडताना गाडी नीट सावरत होता आणि पुढे सरळ रस्त्यावर त्याची गाडी मुळातच पळत होती. म्हणून या ओळीत सातवा क्रमांक लिहून थांबू नये. त्याच्या मागे कोण अडकले होते आणि किती वेळ, तेही लिहावे. मॉन्झाच्या ओळीतही हेच करावे: सहाव्या स्थानावरून सुरुवात, सातवा क्रमांक, आणि मागे लँडो नॉरिस व फर्नांडो अलोन्सो, जे तेव्हा त्याच्यापेक्षा सरस गाड्या चालवत होते.

आता कोऱ्या ओळींकडे वळावे, कारण त्या सगळ्या सारख्या नसतात. मेलबर्नला अल्बन सहाव्या स्थानावर धावत असताना स्वतःच्या चुकीने घसरून भिंतीवर गेला. सिंगापूरला सर्जिओ पेरेझने आत घुसून त्याला धडक दिली आणि तो अकरावा राहिला. तक्त्यात दोन्ही ठिकाणी शून्यच दिसते, म्हणून वहीत एकापुढे ‘चूक’ आणि दुसऱ्यापुढे ‘धडक’ असे स्वच्छ लिहावे. आवडता ड्रायव्हर असला की पहिला शब्द लिहायला पेन अडते, याची कल्पना मला आहे.

शेवटचे काम संघांच्या तक्त्याचे. बक्षिसाची रक्कम संघाच्या क्रमांकावरून ठरते, त्यामुळे मधल्या फळीत खरी झुंज तिथेच चालते. विल्यम्स २०२२ मध्ये ८ गुणांसह दहावा होता. २०२३ मध्ये जेम्स वाउल्स संघप्रमुख झाल्यावर तो २८ गुणांसह सातवा आला. त्याच्या मागोमाग आलेल्या अल्फाटॉरी संघाचे २५ झाले. या तीन गुणांचा उलगडा करताना एक सोपी चूक होते. ऑस्टिनला लुईस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर यांच्या गाड्यांच्या तळाची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली आढळली, दोघे बाद झाले आणि त्यामुळे अल्बन नववा, सार्जंट दहावा होऊन विल्यम्सला नेमके तीन गुण मिळाले. त्या निर्णयानेच सातवा क्रमांक वाचला असे वाटू लागते. पण तोच निर्णय अल्फाटॉरीच्या युकी त्सुनोदालाही दहाव्यावरून आठव्यावर घेऊन गेला आणि त्याचेही तीनच गुण वाढले, म्हणजे फरक होता तितकाच राहिला. खरा निकाल शेवटच्या शर्यतीत, अबू धाबीला लागला. अल्फाटॉरी २१ गुणांवर होता, त्सुनोदा सहाव्या स्थानावरून निघाला होता आणि त्याच जागी पोहोचला असता तर आठ गुणांसह संघ २९ वर गेला असता. संघाने एकाच पिट स्टॉपचा डाव टाकला, त्सुनोदा काही काळ शर्यतीत सर्वांच्या पुढेही होता, पण शेवटी आठवा आला. अल्बन त्या रविवारी चौदावा होता. वहीत त्याच्या ओळीसमोर शून्य लिहावे आणि शेजारी त्सुनोदाचे चार.