जमिनीपर्यंतचं ऑटोरोटेशन: या चुका टाळा

ऑटोरोटेशन म्हणजे इंजिनच्या ताकदीशिवाय, खालून येणाऱ्या हवेनं फिरणाऱ्या रोटरच्या (वरच्या पात्यांच्या) आधारानं हेलिकॉप्टर उतरवणं. सरावात स्किड (खालची घसरदांडी) वाकली किंवा पात्यांनी टेल बूम (शेपटीचा दांडा) कापली, की चर्चा शेवटच्या आठ फुटांची होते. पण चूक बहुतेक वेळा शंभर फुटांच्या वरच झालेली असते. खालचे आकडे रॉबिन्सन आर22 चे आहेत. दुसऱ्या हेलिकॉप्टरला त्याचं मॅन्युअल लागू, आणि सराव अनुभवी इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच.

शंभर फुटांवर चार गोष्टी पाहा: रोटर आरपीएम (मिनिटाला फेरे) मापकाच्या हिरव्या पट्ट्याच्या मध्याजवळ, वेग 60 ते 70 नॉटमध्ये स्थिर, उतरण्याचा दर मिनिटाला 1500 फुटांच्या आत, आणि वळण पूर्ण झालेलं. एक जरी चुकली तरी लगेच पॉवर रिकव्हरी, म्हणजे इंजिनची पॉवर परत घेऊन ऑटोरोटेशन संपवणं. ‘खाली जाता जाता जमवू’ हा विचारच महागात पडतो.

जागा गाठण्यासाठी नाक वर ओढणं ही सर्रास होणारी चूक. वेग 40 नॉटवर आला की फ्लेअरसाठी (जमिनीजवळ नाक वर करून वेग मोडण्यासाठी) काही उरत नाही, कारण फ्लेअर पुढच्या वेगाच्या बळावरच उतरण्याचा दर कमी करतो आणि रोटरला आरपीएम देतो. जागा हुकली तर हुकू द्या.

थ्रॉटलकडे (इंजिनची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या मुठीकडे) अनेकांचं दुर्लक्ष होतं. पॉवर रिकव्हरीत तो थोडा मिटलेला चालतो. जमिनीपर्यंत जायचं असेल तर फ्लेअरआधी तो ओव्हरट्रॅव्हल स्प्रिंगच्या (मिटल्यावरही थोडा पुढे फिरू देणाऱ्या स्प्रिंगच्या) पुढे हार्ड स्टॉपपर्यंत (अगदी शेवटच्या टोकापर्यंत) फिरवून तिथेच धरून ठेवा. तसं न केल्यास शेवटी कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारी दांडी) उचलताना कोरिलेटर (त्यासोबत थ्रॉटल आपोआप उघडणारी जोडणी) इंजिनला पॉवर देतो आणि नेमक्या टेकण्याच्या क्षणी नाक उजवीकडे वळतं. इंजिन बंद पडल्याचा सराव म्हणून थ्रॉटल झटकन मिटू नका, इंजिन खरंच बंद पडू शकतं. कार्ब्युरेटर हीट (आत बर्फ धरू नये म्हणून दिलेली गरम हवा) कलेक्टिव्ह खाली करण्याआधीच द्या.

फ्लेअर साधारण 40 फुटांवर. तो फार वर केला तर वेग संपतो आणि हेलिकॉप्टर वीस फुटांवर लटकतं. तिथे घाबरून कलेक्टिव्ह ओढलं, की साठवलेलं आरपीएम संपतं. पुढचं अंतर आदळत जायचं. सरळ व्हा, धीर धरा, कलेक्टिव्ह जमिनीजवळच ओढा. फ्लेअर उशिरा केला तर उलटं होतं: नाक वर असतानाच शेपटी टेकते. म्हणून साधारण आठ फुटांवर सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि बाजूंना झुकवणारी दांडी) पुढे देऊन आधी समतल व्हा, कलेक्टिव्ह त्यानंतर. नजर लांबवर ठेवा. स्किडसमोरची जमीन पाहत राहिलात तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. नाक तिरकं असताना टेकलात तर आडवं घसरून उलटण्याचा धोका असतो.

टेकल्यावर काम संपलं असं समजून सायक्लिक मागे ओढू नका. आरपीएम घटलेलं असतं, पाती खाली झुकतात आणि टेल बूमला लागतात. सायक्लिक मध्यावर ठेवा. घसरणं थांबेपर्यंत कलेक्टिव्ह झटक्यानं खाली टाकू नका.

उन्हाळ्यात नाशिकसारख्या सुमारे 2000 फूट उंचीच्या ठिकाणी, 40 अंश तापमानात घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. वेगमापकावर तेच 65 नॉट दिसतात, पण खरा वेग जास्त असतो, त्यामुळे जमिनीवरची घसरणही लांबते. वाऱ्याच्या तोंडावर, सपाट आणि टणक जागाच निवडा.

सलग तीन-चारपेक्षा जास्त फेऱ्या नकोत. थकवा इन्स्ट्रक्टरलाही येतो. आणि दिवस संपल्यावर स्किड शूज (स्किडखालच्या झिजपट्ट्या) पाहा, या सरावात ते भराभर झिजतात.