घाट उतरताना एकचाकीचा इशारा: माझा अनुभव
यवतेश्वरहून साताऱ्याकडे घाट उतरू लागताच माझी विजेवरची एकचाकी (उभे राहून चालवायचे, स्वतः तोल सांभाळणारे एका चाकाचे वाहन) बीप वाजवून पेडल, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्या, मागे झुकवत असे. संध्याकाळी तोच घाट चढताना मात्र तिची काहीच तक्रार नसे. या वाहनाला वेगळा ब्रेक नसतो, उतारावर मोटारच जनित्र होऊन वेग रोखते आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत परत पाठवते. माझ्या ८४ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ४.२ व्होल्ट मर्यादेचे २० लिथियम-आयन सेल एकसरीत जोडलेले असल्याने, रात्रभर पूर्ण चार्ज झाल्यावर त्या विजेला जागाच उरत नव्हती. आता चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवतो. इशारे बंद झाले. टायरमधील हवेचा, मित्र सांगत होते तसा, याच्याशी संबंध नव्हता. सेलच्या संतुलनासाठी, म्हणजे सगळ्या सेलचे व्होल्टेज सारखे राहावे म्हणून, अधूनमधून पूर्ण चार्ज करतो, पण त्या दिवशी आधी कासच्या बाजूला फेरी मारून बॅटरी थोडी वापरतो आणि मगच घाट उतरतो.