तीन सिम, तीन नेटपॅक कशाला? एकाच डेटावर घर कसं चालवायचं

आमच्या घरी बाबाचा फोन, आईचा बटनाचा फोन अन् माझा फोन. तिघांवर २९९ वाला २८ दिवसांचा पॅक. लहान्या बहिणीच्या टॅबमधी चौथं सिम टाकायची गोष्ट निघाली तवा पह्यल्यांदा हिशोबाला बसलो. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज, म्हणजे तिघांचे मिळून ८९७ गुणिले १३, झाले ११,६६१ रुपये! अन् त्यात आईच्या त्या फोनमधी नेट चालतच नाही, तरी दुकानदार दर वेळी डेटावालाच पॅक मारून देत होता अन् आम्हीबी कधी विचारलं नाही.

तं आधी वापर पाहा. सेटिंग्जमधी नेटवर्क अन् सिमच्या खाली डेटा वापर दिसते. आठवडाभर रोज झोपायच्या आधी प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहा, कारण बहुतेक पॅकमधी रोजचा डेटा रात्री १२ ला संपते, उरलेला उद्याला मिळत नाही. बाबाचे रोज दीड जीबीपैकी २०० एमबीही जात नव्हते, व्हॉट्सॲप अन् कापसाचे भाव, बस.

मग डेटाचं सिम कोणतं ठेवायचं ते ठरवा, अन् हे पॅकच्या किमतीवरून नका ठरवू, रेंजवरून ठरवा. तिन्ही सिम आळीपाळीनं एकाच फोनात टाकून घरात फिरून पाहा. आमच्या इथं टिनाखाली काहीच धरत नाही, कडुनिंबाकडच्या खिडकीतच काय ते नेट, त्यामुळं फोनची जागा तिथंच. त्या एका सिमवर रोज २ नाही तं ३ जीबीवाला पॅक मारा.

बाकीच्या सिमवर फक्त कॉल अन् एसएमएसचा पॅक. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मधी कंपन्यांना असे बिनाडेटाचे पॅक ठेवायला लावले, अन् त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. पण दुकानात हा पॅक आपणहून कोणी दाखवत नाही, अन् ॲपमधीबी पार खाली सरकवत जा तवा सापडते. दुकानात जाल तं "नेट नको, फक्त बोलायचा" असं स्पष्ट सांगा.

पैसे वाचवाच्या नादात रिचार्जच बंद नका करू बरं. बाबाच्या नंबरवर बँकेचा ओटीपी येते, आधारला तोच जोडला आहे. मुदत संपली की आधी आउटगोइंग जाते, मग इनकमिंग, अन् सलग ९० दिवस काहीच वापर नसला तं नंबर बंद होऊन पुढं दुसऱ्या कोणाला मिळू शकते.

आता हॉटस्पॉट, म्हणजे त्या एका फोनचं नेट वाय-फायसारखं बाकीच्यांना द्यायचं. पासवर्ड टाका, नाही तं शेजारच्या पोरायचे रील्स तुमच्या डेटावर. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधी बँड २.४ गीगाहर्ट्झ ठेवा, जुन्या टॅबला ५ वाला दिसत नाही अन् भिंतीपल्याड २.४ च बरा पोचते. "आपोआप बंद" असा पर्याय असते तो काढा. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे टॅबमधी त्या वाय-फायच्या सेटिंगमधी जाऊन "मीटर्ड" (म्हणजे मोजून वापरायचं नेट) करा, कारण टॅबला वाटते आपण फुकटच्या वाय-फायवर आहो, अन् तो गुपचूप अपडेट उतरवत बसते. आमचा पह्यल्या दिवशीचा सारा डेटा सकाळी ९ च्या आत असाच गेला, बहिणीचा क्लास दुपारी होता. यूट्यूबची क्वालिटी ३६०p वर ठेवा, मास्तर तेवढ्यातबी दिसतात. चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू ठेवला तं फोन तापते, कव्हर काढून ठेवा.

टॅबवर व्हॉट्सॲपसाठीबी वेगळं सिम लागत नाही, फोनमधल्या "लिंक केलेली डिव्हाइस" मधून कोड स्कॅन करा, एका नंबरला अशी चार जोडता येतात.

एक अडचण राहते, बाबा वावरात अन् डेटा घरी. रोजचं काही अडत नाही, कॉल लागतेच. पण ई-पीक पाहणीच्या (ॲपवर आपल्या पिकाची नोंद करायच्या) दिवशी मी सोबत जातो, बाबा तुरीचा फोटो काढते अन् मी धुऱ्यावर हॉटस्पॉट चालू करून उभा. तेवढा वेळ घरी बहिणीचा टॅब बंद, त्यावरून थोडी कटकट होते.