जुन्या कमानी पुलाची पाहणी कशी करावी

नागपूरहून जबलपूरकडे जाताना कामठीच्या पुढे कन्हान नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पाहायला येणारे बहुतेक जण कठड्यापाशी थांबून छायाचित्र काढतात आणि परततात. परंतु कमानी पुलाचे खरे बांधकाम रस्त्याच्या खाली असते, म्हणून पाहणी पात्रातून सुरू करावी. फेब्रुवारी ते मे हा काळ त्यासाठी सोयीचा असतो, कारण तेव्हा पाणी ओसरून खांबांचे बूड दिसू लागते. पेंच नदी कामठीच्या वरच्या अंगाला कन्हानला मिळते आणि तिच्यावर तोतलाडोहसारखी धरणे आहेत, त्यामुळे पावसाळ्यात किंवा पाणी सोडले असताना पात्रात मुळीच उतरू नये.

प्रथम दगड ओळखावा. नागपूरच्या पश्चिमेकडे काळा, बारीक कणांचा बेसाल्ट सापडतो, तर कामठीच्या परिसरात वालुकाश्म आहे आणि भूशास्त्रात त्या खडकांना कामठीचेच नाव मिळाले आहे. बोट फिरवल्यावर वाळूचे कण जाणवले, तर तो वालुकाश्म समजावा. त्यानंतर खांबाची प्रवाहाकडची बाजू पाहावी. पुराचे पाणी आणि ओंडके दोन्हीकडे फाकावेत म्हणून अशा पुलांत ती बहुधा टोकदार किंवा गोलसर घडवलेली असते.

सर्वांत अधिक वेळ कमानीला द्यावा. कोरड्या पात्रातील एखादा गाळा निवडून कमान जिथून सुरू होते त्या पातळीवर दोन खांबांमधील अंतर मोजावे आणि त्याच पातळीपासून कमानीच्या माथ्याच्या आतल्या पृष्ठापर्यंतची उंची घ्यावी. लेझर मीटर असल्यास हे काम एकट्यानेही होते. निम्म्या अंतराचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करून तिला उंचीच्या दुपटीने भागले की वर्तुळाकार कमानीची त्रिज्या मिळते. अंतर १२ मीटर आणि उंची ३ मीटर असेल, तर त्रिज्या ७.५ मीटर येते. उंची अंतराच्या निम्मी असेल तर कमान अर्धवर्तुळाकार आहे. ती जितकी चपटी, तितका तिचा आडवा रेटा अधिक. मधल्या खांबांवर शेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना बऱ्याच अंशी तोलतात, मात्र काठावर तो रेटा झेलायला दुसरी कमान नसते. म्हणूनच काठाचे बांधकाम अवजड ठेवावे लागते, आणि भेगा शोधायच्या असतील तर तिथे आधी पाहावे.

कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ दिसले, तर वरून झिरपणारे पाणी सांध्यांतील चुना धुऊन नेत आहे, असे समजावे. चुन्याच्या सांध्यांवर नंतर सिमेंट थापलेले असल्यास त्याची जागा आराखड्यात दाखवावी. सिमेंट कठीण असल्याने ओल आतच अडकते आणि बाजूचा दगड झिजतो. हा आराखडा हाताने काढावा, असे माझे मत आहे, कारण कॅमेरा सगळे टिपतो पण मोजायला लावत नाही. सांध्यात उगवलेला पिंपळ स्वतः उपटू नये. मुळांबरोबर दगडही निखळतात. जागेची नोंद आणि छायाचित्र पुलाची देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडे द्यावे.