फ्रान्सच्या पाणंदींवर ग्रॅव्हल: या चुका टाळा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या दर चार वर्षांनी होणाऱ्या सायकल राइडचं वर्ष आलं की तिचे १२०० किलोमीटर संपवून बरेच भारतीय रायडर आठवडाभर फ्रान्समध्येच थांबतात. आलोच आहोत तर खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल करू, म्हणजे कच्च्या वाटांवरून सायकल चालवू, असा बेत असतो. २०२७ ची राइड डोळ्यासमोर ठेवून आता पुन्हा विचारणा सुरू झाली आहे. बीआरएम, म्हणजे पात्रतेच्या लांब पल्ल्याच्या राइड, काढून पाय तयार झालेले असतात, सायकली उत्तम असतात, आणि तरी दर वेळी लोक त्याच चार-पाच गोष्टींपायी अडकतात. तेच तेच फोनवर समजावून मी थकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲपने काढलेल्या रेषेला रस्ता समजणं. पुण्याहून आलेल्या दोघा मित्रांनी आव्हालोंहून निघून बर्गंडीतल्या मोरव्हाँ या डोंगराळ भागाच्या जंगलातून संध्याकाळपर्यंत ओताँला पोचायचं ठरवलं. दोघेही सुपर रँडोनिअर, म्हणजे २०० ते ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम एकाच हंगामात काढलेले. ॲपला ‘ग्रॅव्हल’ सांगितलं, त्याने रेषा काढली, ती घड्याळात आणि सायकल-कॉम्प्युटरवर चढवली, झालं काम. सेतोंच्या सरोवरापर्यंत सगळं सुरळीत झालं. दुपारी फोन आला, “दादा, रस्ताच संपलाय.” मी विचारलं, “कुठे आहात?” तर म्हणे, “ॲपप्रमाणे रस्त्यावरच आहोत.”

मोरव्हाँमध्ये डग्लस फरची लागवड अफाट आहे आणि ती झाडं तोडणीला आली की डोंगराची अख्खी कूस एकदम साफ करतात. ओंडके वाहणारी यंत्रं पाणंदीवरून जातात आणि मागे गुडघाभर खोल चाकोऱ्या सोडतात. त्यांत पाणी साचतं, वर सालपटं आणि फांद्या पडलेल्या असतात. नकाशात यातलं काहीच दिसत नाही, कारण ज्याने ती वाट नोंदवली तो दोन वर्षांपूर्वी कोरड्या जुलैत तिथून गेला होता. आमच्या मित्रांना पुढे चार किलोमीटरवर डांबर दिसत होतं, म्हणून ते ढकलत राहिले. ढकलता ढकलता एक काटकी मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, शिरली आणि ती फ्रेमला जोडणारा हँगर तुटला. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. खेड्यात सायकलचं दुकान नसतं, आणि गावात असलं तरी नेमका तुमचा हँगर तिथे असेलच असं नाही. गाडी काढून मी त्यांना आणायला गेलो. निघण्याआधी नकाशा उघडला तर त्याच दरीतून, त्या वाटेला समांतर, गावचा एक निवांत डांबरी रस्ता जात होता.

आता माझी सवय सांगतो. ॲपची रेषा मी आदल्या रात्री फ्रेंच सरकारी नकाशावर, म्हणजे आयजीएनच्या १:२५,००० वर, ताडून बघतो. cartes.gouv.fr या सरकारी साइटवर (आधीचं जिओपोर्ताइल) तो फुकट दिसतो, शेजारी हवाई छायाचित्रंही असतात. दोन समांतर रेषा असतील तर खडीचा किंवा बांधलेला रस्ता. एकेरी अखंड काळी रेषा म्हणजे शेताची किंवा जंगलाची वाट. कोरड्या दिवसांत जायला हरकत नाही. तुटक रेषा म्हणजे पायवाट, ती मी सरळ गाळतो. वाटेवर झाडाच्या खोडावर पांढरा आणि त्याखाली तांबडा पट्टा दिसला तर ती जीआर, म्हणजे लांब पल्ल्याच्या पायी चालणाऱ्यांची वाट. सायकल तिथे जाईल याची हमी कोणी दिलेली नाही. माउंटन बाइकच्या वाटांची खूण वेगळी असते, एक त्रिकोण आणि दोन गोल. पण मासिफ सेंट्रल ओलांडणारा आव्हालों ते काप दाग्द हा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्गही मुळात माउंटन बाइकसाठी आखलेला आहे. सामानानं लादलेल्या ग्रॅव्हल सायकलवर त्याचे काही तुकडे डांबरावरून वळसा घालूनच काढावेत.

दर पंधरा-वीस किलोमीटरला ‘डी’ क्रमांकाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या डांबरी, रस्त्यावर कुठून उतरता येईल, हेही लिहून ठेवतो. आणि एक नियम कधी मोडत नाही: शंभर पावलं सलग ढकलावी लागली की मागे फिरायचं. पुढे बरं असेल या आशेवर ढकलत राहणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. शॉर्टकटच्या नादात घालवलेल्या वेळेत वळशाच्या रस्त्याने दोन गावं मागे पडली असती. हँगर मात्र न्याच, घरून, आपल्या मॉडेलचा.

दुसरी चूक पोटाची. आपल्याकडे कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेळी टपरीवर चहा आणि वडापाव मिळतो, त्यामुळे “बघू वाटेत” ही सवय अंगात मुरलेली असते. फ्रान्सच्या खेड्यात ती उपाशी ठेवते. बेकरी सकाळी लवकर उघडते आणि साडेबाराच्या सुमारास बंद होते. पुन्हा उघडली तर चारच्या आसपास. हॉटेलात जेवण बारा ते दोन. पावणेदोनला चिखलाने माखून दारात उभं राहिलात तर स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं आणि त्यांना दोष देता येत नाही. रविवार दुपारनंतर सोमवार संध्याकाळपर्यंत सगळ्यात कठीण काळ: किराणा बंद, बेकरीची साप्ताहिक सुट्टीही बहुतेक सोमवारी किंवा बुधवारी. १ मे, १४ जुलै, १५ ऑगस्ट या तारखांना आदल्या दिवशीच खरेदी करा. कित्येक गावांत तर दुकानच उरलेलं नाही. चर्च, ग्रामपंचायतीची इमारत आणि युद्धस्मारक, बस. मी शनिवारी संध्याकाळीच दीड दिवसाचं घेऊन ठेवतो: ब्रेड, कोंते चीजचा तुकडा, केळी, बदाम, आणि घरून आणलेले तिळाचे लाडू, जे उन्हात वितळत नाहीत. अलीकडे काही गावांत ब्रेडची आणि पिझ्झाची यंत्रं बसवलेली दिसतात. ती दिसली तर आनंदच, पण त्यांच्यावर बेत आखू नका.

पाण्यासाठी दफनभूमी शोधा. गावाबाहेर, भिंतीआड, जवळजवळ प्रत्येक गावात ती असते आणि आत फुलझाडांसाठी नळ असतो. ‘ओ नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल तर बाटली भरू नका, आणि थंडीत नळ गोठू नयेत म्हणून पाणी बंद करतात हेही ध्यानात ठेवा. शांतपणे जा, मोठ्याने बोलू नका, सायकल फाटकाबाहेर ठेवा. कॅफेत मागितलं तरी बाटली आनंदाने भरून देतात, फक्त आत शिरताच आधी ‘बोंजूर’ म्हणा. ते न म्हणता एकदम बाटली पुढे केली की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

टायरबद्दल थोडक्यात. रस्त्यावरच्या राइडचे २८ मिलिमीटर टायर तसेच ठेवून दक्षिण फ्रान्समधल्या कॉसच्या पठारावर जाऊ नका. लार्झाक, मेजाँ ही सगळी चुनखडी, दगड धारदार, पाणी लगेच जमिनीत मुरतं. तिथे ४५ मिलिमीटर ट्यूबलेस, हवा बेताची. मायेन आणि नॉर्मंडीत वेगळाच त्रास असतो. युरोपियन अनुदान घेणाऱ्या शेतकऱ्यांना मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुंपणाच्या झुडपांची छाटणी करायला बंदी असते, पक्ष्यांच्या विणीसाठी. ती उठली की छाटणी सुरू होते आणि काटेरी झुडपांचे तुकडे पाणंदीभर पसरतात. म्हणजे नेमके आपले लोक येतात तेव्हाच्या सुमारास. टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट ताजं भरा, वर एक ट्यूब ठेवा, आणि ती बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढा. घाईत हे टाळणाऱ्याची दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

वेग: डांबरावर ताशी वीसचा हिशोब धरणाऱ्यांनी इथे बारा धरावा. दिवसाला ७० किलोमीटर भरपूर झाले.

गुरांचं फाटक उघडलंत तर लावून घ्या.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो. ‘शास आँ कूर’ पाटी दिसली की शिकार चालू आहे असं समजून दुसरी वाट धरा, विशेषतः शनिवार-रविवारी. काळी जर्सी घालून जंगलात जाणं मला तरी समजत नाही. भडक नारिंगी जाकीट पाचशे रुपयांत येतं.

कॉसवर, आल्प्समध्ये आणि पिरेनीजमध्ये मेंढ्यांच्या कळपासोबत पातू नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. ते धावून आले तर पळू नका, पेडल मारून निसटायचा प्रयत्न तर मुळीच नको. उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा, कळपाला मोठा वळसा घालत चालत पुढे जा, शांत आवाजात बोलत राहा. त्याला फक्त तुम्ही मेंढ्यांपासून दूर जायला हवे असता. तुमचा वास घेऊन तो परत फिरला की आणखी थोडं अंतर चाला, मग बसा सायकलवर.